बाहेर उजेडात बघून घ्या

अ‍ॅनापोलिस हे गाव स्वतःला अमेरिकेतल्या शिडाच्या बोटींची राजधानी म्हणवून घेतं. (मेरिलँड राज्याची राजधानीही तेच आहे, पण ते कुणी आवर्जून सांगत नाही.) तिथल्या खाड्यांमध्ये बांधून ठेवलेल्या बोटींचे मालक दोन प्रकारचे असतात. वारा सुटला की शीड चढवून चेसापीकच्या उपसागरात निघून जाणारे, आणि वारा सुटला की "आता ओल्या व्हार्निशवर धूळ बसणार" म्हणून कपाळाला हात लावणारे. माझा मित्र पहिल्यांत भरती व्हायला निघाला होता. सध्या तो दुसऱ्यांत जन्मठेप भोगतोय.

अमेरिकेतल्या मराठी पुरुषाला पन्नाशीनंतर एक धोक्याचा काळ येतो. मुलं कॉलेजात गेलेली असतात, घराचं कर्ज आटोक्यात आलेलं असतं, महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात पोस्टमनचं काम करून झालेलं असतं. मग कुणी तबला आणतो, कुणी मॅरेथॉनचे बूट आणतो. माझ्या मित्राने बोट आणली. त्याचा जन्म सोलापूरचा. पाण्याशी त्याचा लहानपणापासूनचा संबंध म्हणजे नळाला ते कोणत्या वारी येतं हे लक्षात ठेवणं.

बोट सदतीस फुटी, 1979 साली तैवानात बांधलेली. त्या काळात अमेरिकन डिझायनर नकाशे काढत आणि तैवानातली यार्डं बोटी बांधत. बाहेरून फायबरग्लास, आतून साग. मजुरी स्वस्त होती, सुतार कसलेले होते, आणि ब्रह्मदेश-थायलंडचा साग हाताशी होता. अमेरिकेतल्या कारखान्याने जिथे सनमायका चिकटवून वेळ मारून नेली असती, तिथे या सुतारांनी साग लावला. कपाटांना सागाच्या झडपा, फळ्यांना सागाचे कठडे, संडासाच्या दारावर सागाची नक्षी. डेकवरही सागाच्या पट्ट्या, त्याही स्क्रूने आवळलेल्या, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे पावसाला आत यायची एक वाट. या बोटींना तिकडचे खलाशी लाडाने 'लीकी टीकी' म्हणतात. लाड मालकाने करायचे, पाणी बोटीने आणायचं, अशी वाटणी आहे.

पाणी आलं ते मात्र डेकच्या पट्ट्यांतून नव्हे. डोलकाठी दोन्ही बाजूंनी तारांनी ताणून धरलेली असते. त्या तारा ज्या जाड पोलादी पट्ट्यांना अडकवतात त्यांना चेनप्लेट म्हणतात. चेनप्लेट डेकमधून आरपार खाली जाते, बोटीच्या अंगाला बोल्टने पक्की केलेली असते, आणि ती उघडी दिसू नये म्हणून पुढ्यात लाकडी पॅनल लावतात. डेकमधून आरपार गेलेल्या प्रत्येक वस्तूच्या बाजूने कधी ना कधी पाणी उतरतं. मित्राच्या बोटीत ते कित्येक वर्षं उतरत होतं. डाव्या बाजूच्या बाकाच्या पाठीमागचं, वर्तमानपत्राच्या उघडलेल्या पानाएवढं पॅनल खालून काळं आणि भुसभुशीत झालं होतं.

बाकीची केबिन ठणठणीत होती. मित्राने चेनप्लेटच्या वरची फट सिलंटने बुजवली, पाणी थांबवलं आणि जाहीर केलं, "चार फळ्या बदलायच्या. दोन शनिवारांचं काम."

जुनं लाकूड बदलणं अवघड नसतं. जुन्या लाकडाशेजारी नवीन लाकूड बसवून कुणाला पत्ता लागू न देणं, यात माणसं खपतात. कारण जुन्या फळीचा रंग हा नुसता लाकडाचा रंग नसतोच. खाली साग. त्यावर चाळीसेक वर्षं पिवळं पडत आलेलं व्हार्निश. त्यावर पहिल्या मालकाच्या पाइपचा धूर, दुसऱ्याच्या रॉकेलच्या दिव्याची काजळी, तिसऱ्याने दर रविवारी मारलेला लिंबाच्या वासाच्या फर्निचर पॉलिशचा फवारा. भिंतीवर घड्याळ आणि बॅरोमीटर टांगलेले होते, ते काढले तर खाली दोन वेगळ्या रंगाचे गोल निघाले. नकाशाच्या टेबलापाशी लाकडात एक चौकोनी भोक आहे, तिथे पूर्वी लोरान या रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्राचा डबा होता. अमेरिकेने लोरान-सी यंत्रणा 2010 साली बंद केली. भोकाला तसा काही आदेश आलेला नाही.

हे सगळं नव्या फळीला चार दिवसांत शिकवायचं असतं.

याच सुमारास मित्राचे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले. वहिनी चंद्रपूरच्या. त्यांचे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचेच मामाजी, वनखात्यातून निवृत्त झालेले. नोकरीचा मोठा काळ आलापल्लीच्या जंगलात गेला. सागाचं झाड ते छातीच्या उंचीवर कवेत घेऊन ओळखतात, ओंडका टाचेने ठोकून ओळखतात, आणि माणूस तो सागाबद्दल काय बोलतो त्यावरून ओळखतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना बोट दाखवायला नेलं. त्यांनी समुद्राकडे पाहिलं नाही, डोलकाठीकडे पाहिलं नाही. वाकून केबिनमध्ये उतरले, भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं आणि म्हणाले, "बर्माचा आहे. चांगला आहे. आपला नाही."

"आपला कसा असतो, बाबा?" वहिनींनी विचारलं. तो प्रश्न विचारायला नको होता. घरी गेल्यावर मामाजींनी देव्हाऱ्याशेजारचा पाट आणवला. लग्नानंतर वहिनींनी सामानातून आणलेला, बल्लारशाच्या सागाचा, त्यांच्या आजोबांच्या जेवणाचा पाट. भाऊबीजेला ओवाळायला तोच निघतो. "हा रंग पहा," मामाजी म्हणाले. "याले म्हणते साग. दिल्लीच्या नव्या संसदेत नागपूरहून साग गेला. अयोध्येच्या दरवाज्यांसाठी बल्लारपूरहून गेला. आणि तुम्ही तैवानची बोट घेऊन राहिले." यापुढे पाट संदर्भग्रंथ म्हणून बैठकीच्या खोलीतच राहिला.

लाकूड घ्यायला आम्ही तिघे गेलो. बोटींसाठी भारी लाकडं विकणारं एक दुकान गावाबाहेर आहे. ब्रह्मी साग तिथे मिळणं कठीण झालंय. 2021 साली म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. दुकानदाराकडे शिल्लक राहिलेल्या जुन्या मालाच्या दोन फळ्या होत्या. त्यांची किंमत त्याने आवाज खाली आणून सांगितली आणि मित्राने ती तितक्याच हळू आवाजात नाकारली. उरला लागवडीचा साग, मध्य अमेरिकेतला. झाड भराभर वाढवलेलं, त्यामुळे वाढीच्या रेषा दूर दूर, रंग फिका.

मामाजींनी फळी उलटसुलट केली आणि दुकानदाराला विचारलं, "याचा टीपी कुठी आहे?"

आपल्याकडे जंगलातून लाकूड हलवायचं तर वाहतूक परवाना लागतो. वनखात्याच्या माणसाच्या लेखी टीपीविना लाकूड म्हणजे चोरीचं लाकूड. दुकानदाराने बिल पुढे केलं. "हे बिल आहे. मी परवाना विचारतो," मामाजी म्हणाले. मित्राने भाषांतर केलं, जरा सौम्य करून. दुकानदार आत गेला आणि जंगल सांभाळून लाकूड काढल्याच्या कुठल्याशा प्रमाणपत्राची प्रत घेऊन आला. मामाजींनी चष्मा लावून ती वाचली, मागची बाजू पाहिली आणि परत केली. "शिक्का नाही." मग ते गाडीत जाऊन बसले. फळ्या आम्ही त्यांच्या नजरेआड मागच्या बाजूने भरल्या.

नुकताच रंधा मारलेला साग ज्याने पाहिला नाही त्याने जरूर पाहावा, म्हणजे फसवणूक झाल्यावर कसं वाटतं ते कळतं. हिरवट-पिवळट, मधूनच मातकट पट्टे. कॅटलॉगातला तो सोनेरी तपकिरी रंग उजेड लागल्यावर हळूहळू येतो. म्हणून मित्राने चारही फळ्या घरामागच्या ओट्यावर उन्हात मांडल्या. तिथे वहिनींच्या आईने आधीच सांडगी मिरच्या मांडल्या होत्या. मामाजी दुपारी बाराला उठून मिरच्या उलटत आणि त्याच फेरीत फळ्याही. शेजारची अमेरिकन बाई कुंपणावरून बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं, मिरच्या कळल्या, पण लाकूड तुम्ही कशात खाता?

उन्हाने हिरवटपणा गेला, पण चाळीस वर्षांचं अंतर उन्हाने भरत नाही. मग मित्र सल्ला घ्यायला धक्क्यावर गेला. बोटवाल्यांच्या धक्क्यावर सल्ला मागू नये. तो मिळतोच.

तिथे लाकडाचे चार पंथ आहेत. पहिला तेलवाल्यांचा. ते दर काही महिन्यांनी सागाला सागाचं तेल चोळतात. दुकानात मिळणाऱ्या सागाच्या तेलात सागाचं काहीच नसतं. जवसाचं नाहीतर टंगचं तेल असतं, त्यात पातळ करायला द्राव घातलेला. तेल लावलं की लाकूड देखणं दिसतं, आणि बंद केबिनच्या दमट हवेत बुरशीलाही ते आवडतं. दुसरा पंथ व्हार्निशवाल्यांचा. पहिला हात निम्मा पातळ, मग एकावर एक सहा, आठ, दहा हात, मधे प्रत्येक वेळी पॉलिशपेपर, आणि या काळात बायकोशी बोलणं बंद. तिसरा पंथ पांढऱ्या रंगाचा. न्यू इंग्लंडच्या बोटींची ही जुनी रीत, हेरेशॉफच्या नावाने ओळखली जाते. भिंती पांढऱ्या रंगवायच्या आणि फक्त कडा लाकडी ठेवायच्या. केबिन उजळ दिसते, मोठी दिसते, आणि रंग जुळवायचा प्रश्नच मिटतो. वहिनींना ही कल्पना मनापासून पटली होती. मामाजींनी "सागाला चुना लावता?" एवढंच विचारलं आणि संध्याकाळी जेवले नाहीत.

चौथा पंथ काहीच न करणाऱ्यांचा. त्याचा एकच अनुयायी मला भेटला, शेजारच्या जागेवरच्या बोटीतला एक म्हातारा. त्याच्या बोटीत कुठलंच लाकूड कुठल्याच लाकडाशी जुळत नाही. तो दर शुक्रवारी दुपारी शीड चढवून जातो आणि रविवारी सूर्य मावळताना परत येतो. त्याने मित्राला एकच गोष्ट सांगितली. स्क्रूच्या डोक्यांवर जी लाकडी बुचं बसवशील ती इपॉक्सीने चिकटवू नकोस, व्हार्निशच्या थेंबाने बसव. कधीतरी ती काढावी लागतील. मित्राने मान डोलावली. ज्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत तो ऐकून घ्यायचा असतो, वापरायचा नसतो.

मित्र व्हार्निशवाला झाला. पण आधी रंग. बाजारात सागाच्या नावाने मिळणारे रंगाचे डबे त्याने आणले. साग मुळात तेलकट असल्यामुळे कुजत नाही, आणि तेलकट असल्यामुळेच रंग धड पीत नाही. सरस धरायलाही आधी अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. त्यात सिलिका असल्यामुळे रंध्याची पातही बोथट होते. हे लाकूड सुताराला आपल्या अटींवर घरी येऊ देतं. एक डबा लावला तर फळी लाल झाली, दुसरा लावला तर चॉकलेटी, आणि तिसऱ्याने ती जुन्या सरकारी कचेरीतल्या टेबलाच्या रंगावर जाऊन थांबली.

दरम्यान शेजारच्या कपाटाच्या दारावर काळा डाग होता, तोही काढायचं ठरलं. जुना लोखंडी स्क्रू, ओल आणि लाकडातलं टॅनिन मिळून असे डाग पडतात आणि ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातात. डाग गेलाही. त्या जागी जास्तच स्वच्छ असा एक चट्टा उरला. तो बाकीच्या दाराशी मिळवायला मित्राने सँडिंगचं यंत्र लावलं. हे दार भरीव सागाचं नव्हतं, प्लायवूडवर सागाचा विनियर होता. विनियरची जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. यंत्र फिरत होतं, मित्र गुणगुणत होता, आणि एका क्षणी सागातून एकदम फिकट, परक्या जातीचं लाकूड वर आलं. गुणगुणणं थांबलं. मामाजी जवळ आले, वाकून पाहिलं आणि शोकसभेला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, आतून सागवान नोहे हे."

म्हणजे आता जुळवायच्या दोन जागा झाल्या.

रंगाची खरी वाट सापडली ती एका अमेरिकन सुतारकामाच्या पुस्तकात. नव्या सागाला जुनेपणाची ऊब द्यायची तर व्हार्निशच्या आधी नारिंगी शेलॅकचा एक पातळ हात द्यावा, मेण काढलेल्या शेलॅकचा. मित्राने मोठ्या कौतुकाने परदेशी पाकीट मागवलं. मामाजींनी पाकीट उघडून आतले चकचकीत पापुद्रे हातावर घेतले आणि हसत सुटले. "ही चपडी आहे! लाख!" पळसावर, बोरीवर, कुसुमावर बसणाऱ्या किड्याची ही कमाई. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून त्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. मामाजींनी कित्येक पळस लाखेसाठी राखले होते. दादरच्या कुठल्याही पॉलिशवाल्याने स्पिरिटमध्ये चपडी विरघळवून कापडाच्या बोळ्याने आयुष्यभर हेच केलंय. बोळा त्यांनी स्वतःच बांधला, जुन्या बनियनचा. पुस्तकातल्या चित्रापेक्षा तो चांगला झाला होता.

आता नमुने. मित्राने फळीचे तुकडे कापून प्रत्येकावर वेगळं मिश्रण लावलं आणि मागे पेन्सिलीने नोंदी केल्या: चपडी दोन हात, चपडी एक हात आणि थोडा तपकिरी, तपकिरी नाही पण लाल. तो अभियंता असल्यामुळे त्याने तक्ता केला. तक्त्यातून काही निष्पन्न होईना. प्रत्येक तुकडा दिवसातून एकदा बरोबर वाटायचा आणि बाकीचा दिवस चूक.

तेव्हा वहिनींनी सूत्रं हाती घेतली. हे काम त्यांचं आहे हे आम्हाला आधीच कळायला हवं होतं. ब्लाउजपीससाठी ज्यांनी मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर पंचवीस हिरव्यांतून एक हिरवा उचललाय त्यांच्यापुढे अभियंत्याच्या तक्त्याची काय मातब्बरी? दुकानदार कापड उलगडून म्हणतो, "ताई, बाहेर उजेडात बघून घ्या," आणि ताई साडीचा पदर एका हातात, पीस दुसऱ्या हातात घेऊन फुटपाथवर उभ्या राहतात. वहिनींनी सगळे तुकडे गोळा केले, डेकवर उन्हात आणले आणि अर्ध्या मिनिटात एक निवडला. आम्ही धन्य झालो. तुकडा खाली नेऊन जागेवर धरला आणि तो साफ चुकलेला निघाला.

कारण केबिनमध्ये बाहेरचा उजेड कधी जातच नाही. तिथे जातो तो धुरकट अ‍ॅक्रिलिकच्या झडपेतून गाळलेला, पाण्यावरून उलटून छताला लागलेला, आणि रात्री पिवळ्या दिव्याचा. दोन रंग एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, हे मॅचिंग सेंटरवाल्याला ठाऊक असतं म्हणूनच तो बाहेर पाठवतो. बोटीतल्या लाकडाला मात्र आयुष्य काढायचंय ते दुकानाच्या आत. वहिनींना हे उमगायला वेळ लागला नाही. त्यांनी हुकूम सोडला, "सगळे तुकडे आतच ठेवायचे. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, रात्री दिव्यात बघायचे. तिन्ही वेळा पास होईल तोच घ्यायचा."

एक पास झाला. मित्राने चारही फळ्यांना तो हात दिला. पॅनल बसवण्याच्या दोन दिवस आधी त्याने वीज वाचावी म्हणून केबिनचे जुने बल्ब काढून एलईडी लावले होते, थंड पांढरे. पॅनल बसलं, दिवे लागले, आणि नवीन लाकूड हिरवटलं, जुनं लाकूड राखाडी झालं. मित्र बाकावर बसून राहिला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "लाकडाला हात लावू नकोस. बल्ब बदल." 2700 केल्विनचे, पिवळसर प्रकाशाचे एलईडी आणले. दिवे लागले आणि भिंत एक झाली. इतक्या दिवसांच्या कामातला हा सगळ्यात स्वस्त आणि एकमेव यशस्वी उपाय.

चकाकीची लढाई अजून बाकी होती. जुन्या लाकडाची चमक मंद असते, म्हणून शेवटचा हात सॅटिन व्हार्निशचा द्यायचा. त्याची चमक मारणारी भुकटी डब्याच्या तळाला बसते. डबा घुसळायचा नसतो, सावकाश ढवळायचा असतो, आणि काम चालू असतानाही ढवळत राहायचं असतं. मित्राने ढवळलं नाही. पॅनलचा वरचा भाग आरसा झाला आणि खालचा पाटी. पुन्हा पॉलिशपेपर, पुन्हा हात.

मग स्क्रूवरची बुचं. पॅनल जागेवर आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यांवर सागाची छोटी गोल बुचं ठोकायची, वरून छिलून सपाट करायची आणि त्यांच्या रेषा फळीच्या रेषांशी एका दिशेत ठेवायच्या. एक बूच आडवं फिरलं तरी डोळा तिथेच जातो. लागवडीच्या सागाची बुचं फिकी पडत होती. मामाजींनी कुठूनतरी जुन्या सागाचा तुकडा पैदा केला. कुठून, असं विचारल्यावर "आपलाच आहे" एवढंच म्हणाले. सासरे-जावई गॅरेजमध्ये दार लावून बसले आणि तासाभराने मूठभर बुचं घेऊन बाहेर आले. ती इतकी बेमालूम बसली की मित्राने ती कायमची राहावीत म्हणून इपॉक्सीने चिकटवली.

पॅनल झालं आणि खऱ्या संकटाला तोंड फुटलं. ते आता इतकं स्वच्छ दिसत होतं की शेजारचा खण मळका दिसू लागला. खण धुतला तर वरचा कठडा खुपायला लागला. कठडा केला तर स्वयंपाकाच्या ओट्याची कड. मग जमीन, सागाच्या पट्ट्यांमधून होली नावाच्या लाकडाच्या पांढऱ्या रेषा गेलेली, ती अचानक सगळ्यांना दिसायला लागली. चार वर्षं तिच्यावर उभं राहून कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. एक दार नवीन करायला घेतलं तर कळलं की बोटीत गुण्यात अशी एकही गोष्ट नाही. दाराचे चारही कोन वेगळे आहेत आणि समोरासमोरच्या बाजू एकमेकींशी बोलत नाहीत. त्या तैवानी सुतारांनी हे सगळं डोळ्याने आणि पेन्सिलीने साधलं होतं. वसंत गेला. जुलैत केबिनमधलं तापमान असं होतं की व्हार्निश ब्रशवरच वाळायचं. ऑक्टोबरमध्ये गावात बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे मित्र नव्या बोटी पाहायला गेला आणि प्रत्येकीच्या आत शिरून कपाटांच्या कडांवरून बोट फिरवून बाहेर आला. शीड गॅरेजमध्ये होतं. वहिनी त्यावर निवडणाच्या पिशव्या ठेवत.

पाहुणे मात्र भरपूर. भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला बोट दाखवली जाते आणि खालच्या केबिनमध्ये बसवून मित्राचं एक भाषण होतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाची जहाजं बांधली. 1736 साली सुरतेहून लवजी नुसरवानजी वाडिया आले आणि तिथून पुढे पिढ्यान् पिढ्या ते काम चाललं. 1817 साली बांधलेलं त्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. ज्या कॉर्नवॉलिसवर 1842 साली नानकिंगचा तह झाला, तेही मुंबईचंच. इथपर्यंत सगळं खरं आहे. मग मित्र आवाज चढवून सांगतो की इथून जवळ, बाल्टिमोरच्या बंदरात, 1814 साली फ्रान्सिस स्कॉट की याने अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं तेही मुंबईत बांधलेल्या मिंडेन जहाजावर! पाहुणे टाळ्या वाजवतात. इतिहासकारांच्या मते फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा तहाचा झेंडा लावलेल्या अमेरिकन जहाजावर होता. हे शेजारच्या म्हाताऱ्याने एकदा खिडकीतून ऐकून सांगितलंही होतं. मित्राने ते ऐकून घेतलं. बुचांच्या सल्ल्याचं केलं होतं तेच याचंही केलं.

भाषणानंतर परीक्षा असते. "यातलं नवीन पॅनल कोणतं, ओळखा." पाहुणे उठून भिंतींना हात लावतात, डोळे बारीक करतात आणि अत्यंत आत्मविश्वासाने 1979 सालच्या मूळ लाकडाकडे बोट दाखवतात. मित्राच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान येतं ते त्याच्या मुलीच्या पदवीदान समारंभालाही आलं नव्हतं.

शेवटी पाण्यात जायचं ठरलं. जुन्या बोटीचा विमा नव्याने काढायचा तर सर्व्हेयर येऊन बोट तपासतो. आला. हातोडीने ठोकत, ओलावा मोजायचं यंत्र टेकवत तो पुढून मागे गेला. लाकडाच्या रंगाबद्दल चकार शब्द नाही. मित्र मागे मागे, दिवे लावत. डाव्या बाकापाशी सर्व्हेयर थांबला.

"याच्यामागे चेनप्लेट आहे ना? बघितल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. पॅनल काढा."

मित्राचा चेहरा पडला. "काढायचं?"

"स्क्रू तर असतील. कुठे आहेत?"

मित्राने पाहिलं. मी पाहिलं. मामाजींनी चष्मा पुसून पाहिलं. बुचं सापडेनात. सर्व्हेयरने पॅनलवर तळहात फिरवला आणि कौतुकाने म्हणाला, "मूळचंच दिसतंय. तैवानचं जुनं काम. हल्ली असं कुणी करत नाही."

मित्राने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "परत एकदा म्हणता का?"

वहिनी पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्या खाली आल्या, केबिनचे दिवे बंद केले आणि फोनचा टॉर्च लावून पॅनलवर तिरका धरला. त्या थंड पांढऱ्या प्रकाशात फळ्या फिक्या पडल्या आणि त्यांच्यावर ओळीने गडद, लालसर ठिपके उमटले. सर्व्हेयर "आहा" म्हणाला. मित्र ड्रिल आणायला वळला. इपॉक्सी आठवून तो अर्ध्यातच थांबला.

वहिनी मात्र ठिपक्यांच्या अगदी जवळ गेल्या होत्या. एकावर त्यांनी नख टेकवलं. मॅचिंगचा डोळा तो. त्या वळल्या तेव्हा मामाजी खिडकीतून समुद्र बघत होते, बोटीवर आल्यापासून पहिल्यांदाच.

"बाबा," वहिनी म्हणाल्या, "माझा पाट मी घरी गेल्यावर उलटा करून बघणारच आहे. त्याआधी टीपी दाखवा."